मधले तीन हजार

बोरा बाजारातल्या आमच्या दुकानात
भावाच्या पाटीवर पत्र्याचे आकडे टांगलेले असत.
सकाळी दहाला स्टुलावर चढून मी ते बदलायचे.
सातचा आकडा पंख्याच्या वाऱ्याने तिरका व्हायचा.
तय्यबशेठ खालून ओरडायचे, "निमकरबाई, सात सरळ करा,
गिऱ्हाईक वाकड्या भावाला बिचकतं."

डॉलर, पौंड, रियाल, दिनार, येन.
रँडची ओळ नव्हतीच पाटीवर.
त्या देशाशी आपला व्यवहार बंद,
पासपोर्टातही छापलेलं असायचं, तेवढा एक देश सोडून.
खतावणीत मात्र शेठनी रकाना आखून ठेवलेला.
"उद्या उघडलं तर?" म्हणायचे.
नोकरीची पहिली चौदा वर्षं
त्या रकान्यात मी रोज एक आडवी रेघ मारली.

परवा डोंगरीहून हमीदाबी परकार आल्या.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात,
म्हणून पत्ता काढत खेतवाडीत, माझ्या तिसऱ्या मजल्यावर,
गुडघा धरून, दर जिन्याला थांबत.
पिशवीत केप टाउनचं पत्र, भाच्याचं.
त्याच्या बापाने एकोणऐंशीत सहाशे रँड पाठवले होते
एका खलाशाच्या हाती, लंडनमार्गे,
बहिणीच्या खोलीच्या पागडीसाठी.
चाळ आता बिल्डरकडे गेली आहे, हे भाच्याला कळलंय.
तो लिहितो, परत करा, हिशोबाने.

"मना भाव सांग बाय. त्या दिवसाचा."

त्या दिवसाचा भाव नव्हता.
एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन चलनांचा
भाव कुठला?
तरी टाऊन हॉलच्या पायऱ्या चढले, माझेही गुडघे आहेत,
बांधीव वर्तमानपत्रांची धूळ नाकात गेली.
एका पानावर पौंडाला रँड किती,
दुसऱ्या पानावर पौंडाला रुपये किती.
पौंड मध्ये बसवला,
दोन्हीकडून दलाली खाऊन स्थळ जमवणाऱ्या मामासारखा.
नऊ रुपये साठ पैसे.

सहाशेचे पाच हजार सातशे साठ.
आजचा भाव चार साठ,
म्हणजे दोन हजार सातशे साठ.
वजा केले. बरोब्बर तीन हजार.
पुन्हा केले. तीन हजारच.

"हे कुठे गेले गं?"
हमीदाबींनी खरंच टेबलाखाली बघितलं.

मी सांगायला लागले, की रुपया घसरला, रँडही घसरला,
डॉलरच्या जिन्यावरून दोघंही गडगडत आले,
तो आपल्यापेक्षा थोड्या जास्त पायऱ्या...
त्या ऐकत नव्हत्या.
दहा बाय अकराची ती खोली बोलत होत्या:
तिथली तीन बाळंतपणं, मियाँचा जनाजा,
चौऱ्याऐंशीत आत आलेला नळ.
"युसुफ बंदरावर मासळीचे डबे भरायचा.
लिहिलं होतं त्याने, यंदा कोट नाही घेतला,
थंडी काय, जाते निघून."

मग बराच वेळ चहा.
बशीत ओतून, फुंकर न घालता.

कुठला भाव धरू, त्यांनी विचारलं नाही,
मीही सुचवलं नाही.
जुना धरला तर पागडीतला एक कोपरा,
नवा धरला तर भाच्याच्या घरचं एक रात्रीचं जेवण.
आणि कोटाचा भाव कुठल्याच फाइलीत नाही.

"आधी त्याला विचारते," उठताना म्हणाल्या,
"तिकडे आता थंडी कशी आहे."

दोन्ही आकडे मी कागदावर लिहून दिले,
खाली वजाबाकी.
त्यांनी कागद उजेडाकडे धरला, घडी घातली,
घडीवर नख फिरवून खालची पट्टी फाडली
आणि माझ्या हातावर ठेवली.
"हे तुझ्याकडं राहूदे."

जिन्यात त्यांची काठी ऐकू येत होती,
दुसरा मजला, पहिला, मग नाही.

मी माळ्यावरची खतावणी काढली,
एकोणऐंशीचं पान, ऑगस्ट,
माझ्याच हाताची रेघ, थोडी कललेली.
पट्टी तिथे ठेवली. चिकटवली नाही.

मधले तीन हजार सध्या माझ्याकडे आहेत.