झडती

प्रेसचा भोंगा जेलरोडपर्यंत ऐकू आला
की अण्णा चादरीच्या घड्या मोजतात.
एक कमी भरते.
पुन्हा मोजतात.

चौतीस वर्षं नोटा छापून
घरी आणला तो फक्त शाईचा वास.

आता डायपर बदलायला सदरा वर केला
की दोन्ही हात आपसूक वर जातात,
सुटी झाल्यावर गेटवर जायचे तसे.
बघा जमादार, काही नाही माझ्याकडे.

मी बघते.
बरगड्या. कमरेला रुपयाएवढी जखम,
परवा चाराण्याएवढी होती.

काल मी म्हटलं, झाली झडती अण्णा,
जा आता.

हात खाली घेईनात.
म्हणाले, बाहेर पोरगी थांबलीय सायकलपाशी,
तेवढं सांगा तिला,
आज उशीर होईल.