चालू

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबा मोल्डर होते.
डबा घेऊन गेले की दिसायचा
सकाळी ओतलेला साचा, वरून वाळू गार.
मी विचारायचे, फोडायचा का आता?
"आत लाल हाय अजून.
घाई केलीस तर तडकंल, पोरी."

बुधवारच्या प्रार्थनेत सरोजिनीबाईंनी
वहीत पुन्हा माझ्या योनाचं नाव लिहिलं,
पुढे शेरा: चालू.
सातवं वर्ष.
सगळे आमेन म्हणाले. मी नाही.

चर्चच्या पायरीवर चपला शोधताना
कुठूनतरी तापल्या वाळूचा वास आला
नि हात आपोआप मागे घेतला.

प्रभू, तुझी वाळू तूच फोड.
मी विचारत राहीन, तेवढं चालवून घे.

तोवर योनाच्या खोलीतला
उडालेला बल्ब बदलून घेते.