दुमडलेली पट्टी

लिहिताना जावा, इथल्या तोंडात यावा.
सत्तावन सालची, सुकलेल्या रक्ताच्या रंगाची,
टाकीवर कोंबड्यांची शिट, सीटखाली उंदराचं बाळंतपण.
श्पाचकोवाबाईंनी नोटा मोजल्या नाहीत,
एप्रनच्या खिशात कोंबल्या.
म्हणाल्या, "जागा अडली होती."

ऑक्टोबरभर ती ना गेली, ना आली.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते, एकोणीस वर्षं झाली.
माझ्याकडे बोटभर आरसा आहे, वाकड्या टोकांच्या सळया आहेत,
लोकांच्या तोंडातल्या अंधारात मला वाट सापडते.
वाटलं, यंत्र म्हणजे काय,
न बोंबलणारा पेशंट.

सायलेन्सर दोन, म्हणून दुसरा सिलिंडर शोधत
अर्धा तास गुडघ्यांवर होते.
सिलिंडर एकच असतो.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग कार्ब्युरेटर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
ब्रेडच्या शेजारी.
जेटच्या केसाएवढ्या भोकात सळई घातली
आणि फिरवली, कीड काढावी तशी.
शेजारचे ह्रुबेश खिडकीतून बघत असावेत.
ट्रॅक्टरांत जन्म गेलेला माणूस, दार वाजवायची पद्धत नाही.
"दात कोरतेस?
भोक रुंद झालं की ती ढोसत बसेल,
माझ्या मेव्हण्यासारखी.
इथं तार घालायची नसते पोरी,
फुंकर घालायची असते."
पुढच्या रविवारी ब्रनोच्या जुन्या बाजारातून
नवा जेट आणून दिला
आणि पैसे थोडे जास्तच घेतले.

नोव्हेंबरात किकने नडगी फोडली.
किक आणि गिअर एकाच दांड्यात,
उठवायचंही त्यानंच, चालवायचंही त्यानंच.
मला माझी आई आठवली, पण तो विषय वेगळा.
पंचवीस भाग पेट्रोल, एक भाग तेल,
दवाखान्याच्या मोजपात्रात मिसळते,
आणि दुसऱ्या दिवशी पेशंट विचारतात,
कसला वास येतोय?

ठिणगी पडेना.
पॉइंट्सच्या फटीत आरसा धरला, दिसलं काहीच नाही,
माझाच डोळा, तेलकट.
तेव्हा हत्यारांच्या डब्याच्या तळाची ती पत्र्याची पट्टी
ह्रुबेशनी कचऱ्याच्या बादलीतून बाहेर काढली.
सार्डिनच्या डब्याचा तुकडा, दुमडलेला,
त्यावर खिळ्यानं ओरखडलेलं: शून्य पूर्णांक चार.
मी विकत आणलेला चकचकीत गेज शेजारी धरला.
एकपदरी पत्रा दोन, दुमडला की चार,
मिलिमीटरचे दशांश, बरोब्बर.
ह्रुबेशनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.
श्पाचेकबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदा
बरं बोलणार होते बहुतेक.
बोलले नाहीत.

फट त्या पट्टीनंच लावली.
सातव्या किकला ती खोकली,
अकराव्याला निळा धूर, एवढा
की समोरच्या घरातून कुणीतरी
अग्निशमन दलाला फोन लावला.
दलात तिघंच. तिघंही आले,
आणि पंप बाजूला ठेवून
उकिडवे बसून इंजिन ऐकत राहिले.

एप्रिलमध्ये चिंचोळ्या रस्त्यानं
दुसऱ्या गिअरवर, कुंपणांना घाबरत,
श्पाचकोवाबाईंच्या फाटकापर्यंत पोचले
आणि तिथंच ती बंद पडली.
प्लगमध्ये काजळी, माझ्या तोंडात शिवी.
बाई बाहेर आल्या, बादली हातात.
"त्याचीही इथंच बंद पडायची.
मला वाटायचं, मुद्दाम करतो,
मी बाहेर यावं म्हणून."

मी पट्टी पुढे केली. त्यांनी उन्हात धरली, उलटसुलट केली.
"सार्डिन त्याला चालत नसत," म्हणाल्या,
"डबा माझा असणार."
परत माझ्या तळव्यावर ठेवली.

मी प्लगला हात घातला, चटका बसला.
बाईंनी काही न बोलता
एप्रनचं टोक पुढे केलं.