कॅप्टन गुन्नारचा हात

गराजमध्ये हीटर लावलाय, तरी सोल्डरचा धूर
आणि आमच्या तोंडची वाफ एकमेकींत मिसळतात.
डुलुथचा ऑक्टोबर. बाहेर सरोवर लोखंडाच्या रंगाचं,
आत माझ्या पान्यांच्या शेजारी
एक हात. फक्त हात.
मनगटापर्यंत पीव्हीसी, पुढं स्ट्रॉच्या तुकड्यांची बोटं,
बोटांतून ओवलेली मासेमारीची दोरी.

हा कॅप्टन गुन्नार, मारितनं ओळख करून दिली.
बुडालेला.
कधी?
बुधवारी.

शेजारचा तौ वांग दहा वर्षांचा, बोलतो कमी.
कॅप्टननं काय करायचं ते कागदावर लिहून घेऊन आला:
कोणी आलं तर झाकण उघड.
हात वर, शून्य ते नव्वद.
दोन सेकंद थांब.
हात खाली.
पुन्हा पहिल्यापासून, कायम.
मी वाचलं आणि म्हटलं, ही तर माझी नोकरी.
एकोणीस वर्षं धक्क्यावरच्या क्रेनमध्ये बसून
मी दुसरं काय करतेय?
फक्त तिथं कुणी आनंदानं किंचाळत नाही.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा कॅप्टनच्या अंगात आलं.
झाकण आपटतंय, मनगट थरथरतंय,
बोटं हवेत कसला तरी हिशेब मोजतायत.
असंच राहू दे ना आई, मारित म्हणाली.
तौ मात्र वायरींवरून बोट फिरवत बसला.
अर्ध्या तासानं मान वर केली:
बोर्डाची बॅटरी वेगळी, मोटरची वेगळी,
ते चालेल,
पण दोघांची जमीन एक नाही.
मग एक काळी वायर. इथून तिथं. एवढंच.
कॅप्टन शांत.
मी त्या वायरीकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.
गेल्या वर्षी कुंपणावरून दोन घरांत जे झालं
ते पोरांना माहीत नाही.
निदान मला तसं वाटत होतं.

एकतीस तारखेला बर्फ पडला.
त्याचं इथं कुणाला कौतुक नाही. इथली परी
पंखांवरून कोट घालते,
आणि राक्षसाचं सोंग दोन मापं मोठं शिवतात,
आत स्वेटर मावावा म्हणून.
मोठी पोरं आली, ओरडली, चॉकलेटं घेऊन गेली.
लिंडग्रेन पोस्टमन आधी दचकले, मग घसरले,
मग हसले, मग शिवी दिली.

मग तौची बहीण. माईसी, वय चार.
गुबगुबीत स्नोसूट, त्यावर वाघाचं कातडं,
नाकापर्यंत मफलर.
पेटीसमोर येऊन उभी राहिली.
कॅप्टन ढिम्म.
तिनं उडी मारली. शेपूट हलवली. डरकाळी फोडली.
ढिम्म.
खालचा ओठ बाहेर आला:
सगळ्यांना घाबरवतो, मलाच नाही.

रडायचं हे कारण मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मारित बॅटऱ्या आणायला पळाली.
तौ बर्फात गुडघे टेकून बसला,
सेन्सरच्या पांढऱ्या घुमटाकडं बघितलं, मग बहिणीकडं.
याला माणूस दिसत नाही गं, ऊब दिसते.
तू तर सगळी आत कोंडून ठेवलीयस.
आणि तिचा हातमोजा ओढून काढला.

थंडीत एक उघडा तळवा, बटाट्याएवढा.
तिनं तो हलवला.
झाकण करकरलं.
शून्यापासून, अडखळत, हाडं वर आली
आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.
एक सेकंद.
दोन.
ती किंचाळली नाही. पुढं झाली
आणि स्ट्रॉच्या बोटांत बोटं घातली.
कॅप्टनला लिहून दिल्याप्रमाणं खाली जायचं होतं.
तिनं सोडलं नाही.
आतून एक बारीक कट्ट आवाज आला, गिअरचा दात.

कुंपणापलीकडं तौची आई दारात उभी होती,
कधीपासून कोण जाणे.
मी हात वर केला.
नव्वद नाही, असेल चाळीसेक अंश.
तिनंही केला.

नवा गिअर मंगळवारी येईल.
तोवर कॅप्टनचा हात वरच अडकलाय,
झाकण लागत नाही, पेटीत बर्फ साठतोय.
मी म्हटलं, त्याला एक हातमोजा तरी घालू.
नको, मारित म्हणाली,
मग तो कुणाला दिसणार नाही.