सतरावी ओळ

देवगड बंदरात, बर्फाच्या कारखान्यावर
सोसायटीच्या माडीत माझी खुर्ची.
खाली दिवसभर लाद्या फुटतात
आणि वर, माझ्यासमोर, समुद्र चार तुकड्यांत :
डावीकडे नकाशा, होड्यांचे ठिपके.
उजवीकडे तक्ता. नाव, नंबर, डिझेल, इंजिन.
खाली वाऱ्याचे बाण,
आणि कोपऱ्यात लाटांच्या उंचीची एक रेघ
जिच्याकडे पाहायचं मी रोज विसरते.

बसवायला आलेला पोरगा म्हणाला होता,
मॅडम, आता सगळं एका नजरेत.

एका नजरेत!
तक्त्यातली ओळ वाचायची,
मांजर पिल्लू धरते तसा आकडा दातांत धरायचा
आणि नकाशावर त्याला ठेवायला जागा शोधत फिरायचं.
मध्येच फोन वाजला की पिल्लू पडलं.
पुन्हा ओळ. पुन्हा दात.
संध्याकाळी आमटीत मीठ घातलं की नाही आठवत नाही,
आणि घरचे विचारतात,
खुर्चीत बसून कसली दमतेस?

सतरावी ओळ म्हणजे 'जलपूर्णा', तांडेल सुभाजी तारी.
त्या गुरुवारी तक्ता म्हणाला, इंजिन बंद.
नकाशा म्हणाला, होडी चाललीय.
कोण खोटं बोलतंय?
मी इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि दर खेपेला मधल्या काळ्या पट्टीत
काहीतरी सांडत होतं.

शेवटी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं.
एक लाल ठिपक्यावर. एक सतराव्या ओळीवर.
एक तिथल्या बाणाशी,
एक रेघेवर, साडेतीन वाजले होते तिथं.
मग डोळ्यांना वाट विचारावी लागली नाही,
ओटीवरून माजघरात जावं
तसे ते लालाकडून लालाकडे गेले.
बाण कुणकेश्वरच्या खडपांकडे.
ठिपकाही तिकडेच.
चौघं भांडत नव्हती,
चौघं मिळून एकच सांगत होती :
ती चालत नाहीय, वाहतेय.

वायरलेसवर खवळ्यांची होडी सापडली.
रात्री नऊला 'जलपूर्णा' दोराला बांधून आली.

दुसऱ्या दिवशी सुभाजी डिझेलची पावती न्यायला वर आला,
स्क्रीनकडे बघून हसला.
"आमका चार दिसनत नाय, बाय. आमचो दर्या एकच."
पावतीची घडी घातली, खिशात ठेवली,
जिन्यात थांबला.
"काल मात्र तोव दिसाक नाय."

आज नकाशावरच्या टिकलीखालून
भलत्याच कुणाची होडी गेली.
नखानं खरवडून काढल्या सगळ्या.
तीन निघाल्या. चौथीचा डिंक राहिलाय,
लाटांच्या रेघेवर.
आता तिकडे रोज लक्ष जातं.