चार-आठ, तिरपी

आचाओच्या दवाखान्यात डॉक्टर ओयार्सो
तोंडात आरसा घालून बोलतात, मी लिहिते.
एक-आठ, नाही. एक-सात, शाबूत.
एक-सहा, कीड, गालाच्या बाजूने.

तोंडात उत्तर-दक्षिण नसते,
हे पहिल्याच आठवड्यात शिकावं लागलं.
तिथल्या दिशा चार: गालाकडची, जिभेकडची,
मध्यरेषेजवळची, आणि तिच्यापासून लांबची.
नवरा होडीवर होकायंत्र बघतो.
त्याला सांगितलं, तर म्हणाला,
मग तुमच्यात कुणी हरवत नसेल.

शब्द सगळे बांधकामाचे. पूल. मुकुट. कालवा. खांब.
एवढ्याशा जागेत केवढी नगरपालिका!
पण काही शब्द लिहिताना पेन अडतं.
कोरडी खाच:
दात काढल्यावर रक्त धरलंच नाही
तर उघडं हाड रात्रभर जे करतं ते.
मृत तुकडा:
हाडापासून सुटून हिरडीतून वर येतो.
बायका तो रुमालात बांधून आणतात,
जणू आम्ही परत बसवून देऊ.

रुपेर्तो कार्कामो मार्चमध्ये आला
जबडा हातात धरून. जबड्याहून हात मोठा.
फोटोत दिसली: चार-आठ, तिरपी,
शेजारणीच्या मुळाशी डोकं टेकून निजलेली.
अक्कलदाढ, डॉक्टर म्हणाले,
उशिरा आली, बाबा, आणि आली तीही आडवी.
तो हसायला गेला, तोंड उघडेना.
काढू या?
हंगाम संपू दे, म्हणाला.
मी लिहिलं: शस्त्रक्रिया सुचवली. रुग्ण नंतर येणार.

सप्टेंबरात पुएर्तो मोंत्तच्या शवागारातून फोन.
समुद्राने ओळखीचं काही ठेवलं नव्हतं,
दात सोडून.
तिकडची बाई विचारत गेली, मी वाचत गेले,
एकमेकींना न बघता
दोघी एकाच तोंडात फिरत.
तीन-सहा?
चांदी भरलेली.
दोन-चार?
नाही.
नाही, ती म्हणाली.
चार-आठ?
तिरपी.
पलीकडे पानं उलटल्याचा आवाज,
मग तोही नाही.
मग: तिरपी.

काढली असती तर
ओळखायला काय उरलं असतं,
हे डॉक्टर एकदाच म्हणाले, हात धुताना,
नळाकडे बघून.

त्याची बायको ओतिलिया आली.
कागदावर सही केली, उठली नाही.
दुखत होती का ती त्याला, विचारलं.
तसा रकाना असतो. मी वाचून दाखवला:
रात्री. थंड हवेने. कानापर्यंत.
हो, म्हणाली, उजव्या कुशीवर झोपायचा नाही.
ते आमच्या फाइलीत नव्हतं.

ती गेल्यावर मी शिक्का मारला.
'नंतर येणार' खोडायला हवं होतं, नियम तसा आहे.

बाहेरून पुढचं नाव आलं होतं आधीच.
सहा वर्षांची पोर, खुर्चीत पाय लोंबकळत,
आईचा हात सोडेना.
सात-एक, डॉक्टर म्हणाले, हलतोय.
दुधाचे दात मी पेन्सिलीने लिहिते.