शेवटची इमारत

उर्वे काल्लास्ते तिसऱ्यांदा आली,
बुटांवरचं बर्फ पायपुसण्यावर झटकून
थेट मागच्या कपाटाकडे.
विल्यांदीच्या बॉयलरघराची ती नवी प्रमुख.
हेइनो निवृत्त झाला तेव्हा कामगारांनी वर्गणी काढून
तिला माझ्या दुकानाचं कूपन दिलं, तीस युरोचं.
त्यात एकच पुस्तक बसतं.

एकावर हाताची घडी घातलेला माणूस, मागे डोंगर.
डोंगराचं काय काम ते शेवटपर्यंत कळत नाही, मी वाचलंय.
दुसऱ्यावर गोल, बाण, पुन्हा गोल,
जणू कुणी पेन चालतंय का ते बघत होतं.
दोन्ही उलटून ती मागचा मजकूर वाचते,
औषधाच्या बाटलीवरचा वाचावा तसा.

मी गल्ल्यावर चिल्लर मोजतो.
मोजतोय असं दाखवतो.
गाव एवढंसं, इकडे शिंकलं
की तिकडे रुमाल निघतो.

फेब्रुवारीतली ती रात्र, उणे सव्वीस.
नळाच्या अगदी टोकाला आमची इमारत,
आणि रेडिएटर मासळीच्या लादीसारखे.
सकाळी हेइनो गरजला,
कुणीतरी झडप चुकीची फिरवली.
कुणीतरी म्हणजे इंद्रेक, कारण पाळी त्याची,
वय बावीस.
काढून टाकल्याच्या कागदावर दोन सह्या.
हेइनोची ऐसपैस,
उर्वेची तिच्या सावलीत मावेल एवढी.

उन्हाळ्यात तिने आलेख काढले.
झडप ठीक होती.
थंडी वाढली तशी अलीकडच्यांनी चावी उघडली,
दाब पडला,
म्हणून पुढच्यांनी आणखी उघडली,
आणि पाण्याच्या आधी
नळातून भीती पोचली आमच्यापर्यंत.
गोलांचं पुस्तक म्हणेल, दोष कुणा एकाचा नाही.
डोंगरवाला म्हणेल, छाती पुढे कर, जबाबदारी घे.
इंद्रेक आता तार्तूत बस चालवतो.
त्याच्या नावाला कुठला बाण लावायचा,
हे मलातरी दोन्हीत सापडलं नव्हतं.

आज ती स्टुलावर बसली
आणि दोन्हींच्या शेवटच्या सूच्या उघडल्या.
पहिल्यात माफी, पान दोनशे बारा,
अर्धा परिच्छेद, भागधारकांची कशी मागावी.
दुसऱ्यात माफी नाहीच.
विलंब मात्र आहे, चौदा पानं.
नळ फिरवला तरी ऊन पाणी उशिरा येतं,
तोवर माणूस धीर सोडून आणखी फिरवतो.

साडेतीनलाच अंधार पडला.
गोलांचं पुस्तक घेऊन ती गल्ल्याशी आली.
"चांगलं आहे?"
विक्रेत्याने हो म्हणायचं असतं.
मी म्हणालो, "त्या रात्री मीही चावी उघडली होती.
दुसऱ्या मजल्यावर. वर पाचव्यावर साल्मे राहते,
एकटी, तिचा विचार आला नाही."
तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मायेनेही नाही,
काटा वाचावा तसं.
"किती उघडली?"
"पूर्ण."
माझंच पेन मागून तिने
पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिलं,
शेवटची इमारत, दुसरा मजला, पूर्ण.

अठ्ठावीस युरो चाळीस सेंट.
कुपनावर सुट्टे परत मिळत नाहीत,
म्हणून तिने एक पोस्टकार्ड उचललं, गोठलेल्या तळ्याचं.
तिथेच उभ्याने लिहिलं, प्रिय इंद्रेक,
आणि स्वल्पविरामावर पेन ठेवून
बराच वेळ काही नाही.
मग कार्ड पुस्तकात घालून निघून गेली.

तार्तूला टपाल दोन दिवसांत जातं.
तळ्यापर्यंत यायला तिला अकरा महिने लागले,
आणि कार्ड अजून पेटीत पडलंय की नाही, माहीत नाही.

रात्री घरी आलो,
चावी एक आटा मागे घेतली.
स्वेटर चढवून कान वर लावून बसलो.
साल्मेच्या खोलीत काही पोचलं का,
ते इतक्यात कळायचं नाही.